ग्राउंडहॉग डे आणि आपलं कोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी २ फेब्रुवारीला अमेरिकेत ग्राउंडहॉग नावाच्या एका केसाळ, गुबगुबीत प्राण्याला बिळातून बाहेर काढतात आणि थंडी अजून किती दिवस राहणार ते त्याला विचारतात. हा दिवस आमच्या गावच्या वाचनालयातली मुलं हौसेनं पाळतात. गाव देवगड-मालवणच्या पट्ट्यातलं, इथे बर्फ कुणी पाहिलेला नाही. साहजिकच मुलांच्या घरून प्रश्न येतात, मुंबईतल्या चाकरमान्यांचे फोन येतात, शाळेतल्या बाई विचारतात, आंबेवाले काका विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून काढली आहेत. हा दिवस मला मनापासून आवडतो, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

हा दिवस आहे तरी काय?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पंक्सटॉनी नावाचं छोटं शहर आहे. वस्ती सहा हजारांहून कमी, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. तिथे गॉब्लर्स नॉब नावाच्या टेकाडावर २ फेब्रुवारीच्या पहाटे हजारो माणसं कडाक्याच्या थंडीत जमतात. सूर्य उगवला की काळे कोट आणि उंच रेशमी टोप्या घातलेली मंडळी एका लाकडी बुंध्यावर टकटक करतात, आतून फिल नावाच्या ग्राउंडहॉगला उचलून घेतात आणि त्याचा कौल लोकांना वाचून दाखवतात. फिलला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे. नाही दिसली तर वसंत लवकर येणार.

टेकाडावरचा हा सोहळा १८८७ पासून चालत आला आहे. सोहळा सांभाळणाऱ्या मंडळाला ‘इनर सर्कल’ म्हणतात. मंडळाच्या अध्यक्षाकडे बाभळीच्या जातीच्या लाकडाची एक काठी असते. ती हातात असली की त्याला ग्राउंडहॉगची भाषा कळते, अशी तिथली ठाम समजूत आहे. दोन गुंडाळ्या आधीच लिहून तयार असतात. अध्यक्ष फिलकडे कान लावतो, मान डोलावतो आणि दोन्हींतली एक निवडतो. आमची मुलं हा प्रसंग फार रंगून करून दाखवतात. काठीसाठी दरवर्षी भांडण होतं.

सावली आणि थंडीचा संबंध काय?

मूळ युरोपातलं आहे. नाताळनंतर चाळीस दिवसांनी, २ फेब्रुवारीलाच, ख्रिस्ती लोकांचा मेणबत्त्यांचा सण येतो. त्या दिवशी ऊन पडलं तर हिवाळा लांबणार आणि आभाळ भरलेलं असलं तर तो सरत आला, असं तिकडचे शेतकरी मानत. जर्मन लोकांनी त्यात बिज्जू हा प्राणी आणला. तो बाहेर आला आणि सावलीला बुजून परत बिळात शिरला की थंडी बाकी आहे. पुढे हे जर्मन पेनसिल्व्हेनियात जाऊन वसले, तिथे त्यांना ग्राउंडहॉग भरपूर सापडले आणि बिज्जूचं काम त्यांच्याकडे आलं.

या समजुतीत निरीक्षणाचा थोडा अंश नक्की आहे. तिकडच्या हिवाळ्यात आकाश निरभ्र असलं की हवा कोरडी आणि गार असते, ढग असले की ऊब टिकते. आपल्या आंबा बागायतदारांना हे सांगायला नको. रात्री चांदणं स्वच्छ असलं की पहाटे थंडी पडते आणि मळभ आलं की ती पळते, हे त्यांना पाठ आहे. चूक आहे ती एका सकाळवरून सहा आठवडे ओळखण्यात.

ग्राउंडहॉग म्हणजे आपली घूस का?

नाही. बिळात राहते, कुरतडते, अंगानं मोठी असते म्हणून सगळे तसंच समजतात. घूस उंदरांच्या कुळातली, ग्राउंडहॉग खारींच्या कुळातला. म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हा त्याचा आपल्याकडचा भाऊबंद. शेकरू झाडाच्या शेंड्यावरून क्वचितच खाली उतरतो आणि हा जमिनीखाली खोल बिळं खणतो. रायगडच्या फणसाड अभयारण्यात गेलात तर वर मान करून शेकरू पाहा आणि याला जमिनीखाली आठवा, मुलांना ही जोडी लगेच लक्षात राहते. साळिंदरही बिळात राहतं, पण त्याचं कूळ तिसरंच.

आपल्या देशातच त्याचे अगदी जवळचे नातेवाईक बघायचे तर लडाखला जावं लागेल. तिथल्या उंच कुरणांवर हिमालयी मार्मोट मागच्या दोन पायांवर उभे राहून रस्त्याकडे बघताना दिसतात.

तो खरंच हिवाळाभर झोपतो?

हो, आणि ही झोप साधी नसते. एरवी मिनिटाला ऐंशीच्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके पाच-सहावर येतात. अंग गार पडतं, श्वास कधी घेतला ते कळूही नये इतका संथ होतो. उन्हाळ्यात खाऊन साठवलेल्या चरबीवर तो महिनोन् महिने काढतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नर मधूनच उठून बाहेर येतात, ते शेजारपाजारच्या माद्यांची बिळं कुठे आहेत ते बघायला. पुन्हा जाऊन झोपतात. हवामानाशी त्याचं त्या दिवसात काही देणंघेणं नसतं, सोयरीक जुळवायची असते.

कोकणात अशी झोप उलट्या ऋतूत असते. आपला मोठा बेडूक कडक उन्हाळा ओल्या मातीत स्वतःला गाडून घेऊन काढतो. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर शेताच्या बांधावर गेलात तर तो दिसेल. एरवी मातकट-हिरवा असणारा नर त्या दिवसांत लिंबासारखा पिवळाधमक झालेला असतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळे फुगे फुगतात. इतका भडक रंग त्यानं कुठे लपवून ठेवला होता, असं दर वर्षी वाटतं. मोटारसायकलच्या उजेडात चिखलात असे पाच-सात पिवळे नर एकमेकांवर उड्या मारताना पाहिलेलं मूल दुसऱ्या दिवशी शाळेत दुसरं काही बोलत नाही.

फिलचं भाकीत खरं ठरतं का?

फारसं नाही. अमेरिकेच्या हवामान खात्यानं पडताळून पाहिलं तेव्हा त्याचे अंदाज शंभरात सुमारे पस्तीस ते चाळीस वेळा बरोबर निघाले. नाणं उडवलं तर याहून बरं जमेल. शिवाय त्याचा कल थंडीकडे आहे. आजवर शंभराहून अधिक वेळा त्याला सावली दिसली आहे, न दिसल्याची वर्षं त्या मानानं मोजकी. २०२४ मध्ये दिसली नाही, २०२५ मध्ये दिसली. १९४३ साली महायुद्धामुळे भाकीत झालंच नाही.

मंडळाचं म्हणणं मात्र असं की फिल कधी चुकत नाही, चूक होते ती अध्यक्षाच्या भाषांतरात. हे उत्तर मुलांना अतिशय पटतं.

हा एकच फिल १८८७ पासून जिवंत आहे?

मंडळ तरी ठामपणे तसंच सांगतं. दर उन्हाळ्याच्या सहलीत त्याला एक जादूचं पेय पाजतात आणि एका घोटानं त्याचं आयुष्य सात वर्षांनी वाढतं, अशी गोष्ट आहे. रानातला ग्राउंडहॉग पाच-सहा वर्षं जगला तरी खूप झालं. माणसांच्या देखरेखीत तो थोडा जास्त जगतो.

फिल राहतो कुठे, हे कळल्यावर आमच्या मुलांनी हा दिवस कायमचा आपला केला. त्याचं घर त्या गावच्या वाचनालयातच आहे. काचेआडच्या बिळात तो आणि त्याची जोडीदारीण फिलिस राहतात, पुस्तकं बदलायला आलेली मुलं त्यांना बघून जातात. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांना दोन पिल्लं झाली, सनी आणि शॅडो. म्हणजे एक ऊन आणि एक सावली. आमच्या वाचनालयात कपाटांमागे पाली आणि कौलांत चिमण्या आहेत, मुलं त्यांवर खूश आहेत.

सुरुवातीच्या काळात मात्र पंक्सटॉनीची मंडळी ग्राउंडहॉगची शिकार करत आणि सहलीला त्याचंच जेवण करत. ज्याला खात होते त्याचाच पुढे मानाचा पाहुणा झाला, ही या सणाच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

असे भाकीत सांगणारे प्राणी आणखी कुठे आहेत?

पुष्कळ ठिकाणी. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर चक आहे. त्यानं २००९ मध्ये तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या बोटाचा चावा घेतला होता. कॅनडात वायर्टन विली आणि शुबेनाकॅडी सॅम आहेत. कॅनडातल्याच क्वेबेकमध्ये फ्रेड नावाचा मार्मोट होता. २०२३ मध्ये ऐन कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तो झोपेतच गेल्याचं लक्षात आलं. जमलेल्या लोकांना हे सांगितलं गेलं आणि एका लहान मुलानं कापडी मार्मोट हातात धरून त्या वर्षीचं भाकीत सांगितलं.

आपल्या किनाऱ्याला जवळची वाटावी अशी एक आहे लूसी. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर बॅरिंग्टन म्हणून भाग आहे, मासेमारीवर जगणारा. तिथे २ फेब्रुवारीला चक्क शेवंड समुद्रातून बाहेर येऊन सावली बघते. बिळातला प्राणी त्यांच्या रोजच्या जगण्यातला नव्हता, शेवंड होती, म्हणून त्यांनी तिला मान दिला. हे ऐकून बंदरावरच्या एका काकांनी विचारलं, “मगे तेचा करतत काय, भाकीत सांगून झाल्यावर?” प्रश्न रास्त आहे. मालवणात तिचा भाव सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, आणि आपल्याकडे एक सोडून नऊ प्राणी आहेत. घरातलं पंचांग काढा आणि पावसाच्या नक्षत्रांचं पान उघडा. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त… प्रत्येकापुढे एक वाहन लिहिलेलं असतं. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. त्या नक्षत्रात पाऊस ज्यावर बसून येतो तो प्राणी. बेडूक, म्हैस आणि हत्ती ही भरपूर पावसाची वाहनं. मोर, गाढव आणि उंदीर आले की मध्यम, कुठे पडेल कुठे नाही असा. कोल्हा आणि मेंढा म्हणजे कमी. घोडा डोंगरभागात बरसतो म्हणतात.

मेच्या अखेरीस कुठल्याही वाडीत, कुठल्याही पडवीत हा विषय निघतोच. “यंदा मिरगाक काय आसा?” “कोल्हो.” मग दोन क्षण कुणी बोलत नाही. “आणि आर्द्राक?” “म्हस.” लगेच चेहरे खुलतात. भाताचा तरवा पेरायचा तो वेळेवरच पेरतात, कोल्हा असो की म्हैस. पण ही चौकशी झाल्याशिवाय पावसाळ्याची तयारी पुरी झाली असं वाटत नाही.

पावसालाही वय आणि नाती आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूचा, पूर्वाचा सुनेचा. फिलकडे उत्तरं दोनच आहेत, थंडी आहे किंवा नाही. आपल्याकडे एका पावसाळ्यात अख्खं कुटुंब आणि गोठा येऊन जातो. ग्राउंडहॉग डे पाळायला लागल्यापासून मुलांना या पानाची गोडी लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. आधी ती पंचांग फक्त सुट्ट्या बघायला उघडत.

वाहन कोण ठरवतं?

गणित ठरवतं. सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो तिथपासून त्या वेळी चंद्र असलेल्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आलेल्या आकड्याला नवानं भागायचं आणि बाकी बघायची. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव आणि शून्य उरलं तर हत्ती. पाचवीतल्या मुलाला येईल इतकं सोपं आहे. भागाकाराचा सराव म्हणून हे देऊन बघा. बाकी शून्य आली की हत्ती मिळतो म्हटल्यावर शून्याला वर्गात कधी नव्हे ती किंमत येते.

ढग आणि वारे यांचा या गणितात कुठेच हिशेब नाही, तेव्हा त्यावर पाऊस ठरत नाही हेही मुलांना त्याच वेळी सांगतो. त्यांना ते समजतं आणि तरीही हत्तीच हवा असतो.

पंचांगातले प्राणी राहू द्या, रानातले काय सांगतात?

इथे मात्र कान आणि डोळे उघडे ठेवण्यासारखं बरंच आहे. पावशा मे महिन्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून ओरडायला लागतो. तो त्याच्या विणीचा हंगाम, आवाज मादीसाठी असतो, पण हंगाम पावसाला लागून येतो म्हणून शेतकऱ्यानं ते बोलावणं आपलं मानलं. चातक त्याहून पक्का. त्यातले बरेचसे आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांच्या सुमारास इथे पोचतात. काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा असलेला हा पक्षी तारेवर बसलेला दिसला की जुनी माणसं कौलं शाकारायची राहिली असतील तर घाई करतात.

कावळ्याचं घरटं हा तर वादाचा विषय. झाडाच्या शेंड्यावर बांधलं तर पाऊस कमी, मधल्या दाट फांद्यांत बांधलं तर भरपूर, अशी समजूत. आंब्यावर चांगलं, काटेरी झाडावर वाईट. आम्ही मुलांना घरटी मोजायला लावली तेव्हा एकाच रस्त्यावर दोन्ही प्रकारची सापडली आणि चर्चा फार लांबली.

मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवर चढू लागल्या, दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा थवा आला, मातीवर मखमली लाल मिरगाचे किडे दिसले, वहाळाला पहिलं पाणी येताच चढणीचे मासे उलटे चढू लागले, रात्री कुर्ल्या बिळाबाहेर निघाल्या. यातलं बरंचसं पाऊस आल्याचं सांगणारं आहे, येणार असल्याचं थोडंच. हा फरक मुलांना वहीत दोन रकाने आखून दाखवता येतो.

थंडी आणखी सहा आठवडे राहिली तर कोकणाचं भलंच ना?

हा प्रश्न आंबेवाल्यांकडून येतो. फिलचा अंदाज अमेरिकेपुरता, पण फेब्रुवारीतल्या थंडीचा प्रश्न इथेही खराच आहे.

हापूसला मोहोर यायला थंडीच्या रात्री लागतात हे सगळे जाणतात. पण मोहोर येऊन, कणी धरून, आंबे वाटाण्याएवढे-सुपारीएवढे झाल्यावर पुन्हा कडक थंडी पडली तर झाड त्याच काडीवर परत मोहोर काढतं. त्याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडाची ताकद नव्या फुलांकडे जाते आणि आधी धरलेली फळं गळून पडतात. म्हणजे बागेत उभं राहिलात तर वर ताजा, गुलाबी-पिवळा मोहोर घमघमतोय आणि पायाखाली हिरव्या कण्यांचा सडा पडलाय. नवखा पाहुणा वर बघून ‘वा’ म्हणतो आणि बागायतदार खाली बघत असतो. यावर उपाय म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं जिबरेलिक आम्लाच्या फवारणीची शिफारस केली आहे. मात्रा आणि वेळ तिथल्या तज्ज्ञांकडूनच घ्यावी.

थंडी गेली आणि मळभ आलं तर मोहोरावर तुडतुड्यांची कीड आणि भुरी रोग. एकदम ऊन तापलं तर गळ. तेव्हा “सावली दिसावी की न दिसावी?” असं मुलांनी एका काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “दिसू दे, पण जरा अंधूक.”

ही अंधश्रद्धा नाही का?

कुणी फिलच्या शब्दावर पेरणी करत नाही, कोट विकून टाकत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेला खेळ सगळे मिळून मन लावून खेळतात. २ फेब्रुवारीपासून सहा आठवडे मोजले तर १६ मार्च येतो आणि वसंतसंपात त्याच आठवड्यात, २० मार्चच्या सुमारास असतो. उत्तर काहीही असो, वसंत ठरल्या वेळीच येतो. तिथल्या माणसांना हिवाळ्याच्या मधोमध एकत्र जमायला, हसायला निमित्त हवं असतं. आपल्या वाघबारशीला तरी काय होतं? गुराख्यांतला एक जण वाघ होतो, बाकीचे त्याला आरडाओरडा करून पळवून लावतात आणि रान दणाणून जातं.

देवळातल्या कौलाशी मात्र याची तुलना करू नये. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, तिथे माणसं श्रद्धेनं उभी असतात. त्याची चेष्टा मुलांनी कधी केलेली नाही आणि आम्ही करू देणारही नाही.

समुद्रात जायचं की नाही ते प्राण्यांवरून ठरवावं का?

कधीही नाही. बंदरावरचा बावटा, हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेच्या उंच लाटांच्या सूचना, एवढंच बघायचं. मुलांनाही हे सर्वांत आधी सांगतो, कारण त्यांतल्या कित्येकांचे वडील होडीवर असतात.

तुम्ही प्राणी पकडून आणता का?

नाही. रानातला प्राणी पकडणं, बाळगणं, लोकांपुढे नाचवणं याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. घोरपड, खवले मांजर, साळिंदर, कासव, कुणालाही हात लावायचा नाही. बेडकांचंही तेच. एके काळी इथून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात, १९८७ मध्ये ती निर्यात सरकारनं बंद केली. पिवळे बेडूक पाहायला मिळतात ते त्यामुळेही.

माणसांनी प्राण्याला न छळता त्याच्या नावानं सण करावा याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण वेळास आहे. मंडणगड तालुक्यातल्या या गावानं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या मदतीनं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक लांबून येतात, घरोघरी राहतात, जेवतात. पिल्लाला कुणी उचलत नाही. ते आपल्या पायांनी जातं, सगळे दोरीमागे उभे राहतात. फेब्रुवारीत आपल्या किनाऱ्यांवर घरटी असतात, तेव्हा रात्री वाळूत विजेऱ्या मारत फिरू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात आणि समुद्राऐवजी भलतीकडे वळतात.

मग २ फेब्रुवारीला तुम्ही नक्की करता काय?

सकाळी किनाऱ्यावर जातो. आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सूर्य सात वाजून गेल्यावर मागून, सह्याद्रीकडून वर येतो. माडांच्या आणि सुरूंच्या लांब सावल्या वाळूवरून थेट पाण्यापर्यंत पडलेल्या असतात आणि ऊन उशिरा पोचतं. आमचा फिल म्हणजे वाळूतला पांढुरका खेकडा. मुलं एकेका बिळापासून पाच-सहा हातांवर पोटावर पालथी पडतात आणि गप्प राहतात. आधी बिळाच्या तोंडाशी दोन उभे डोळे येतात, काड्यांवर ठेवल्यासारखे. मग एका बाजूच्या पायांत धरलेली वाळूची मूठ बाहेर भिरकावली जाते. मग अंग. कुणी खोकलं की सगळं आत. सुरूच्या सावलीत असलेल्या बिळातल्या खेकड्याला सावली दिसली म्हणायची की नाही, यावर दर वर्षी मतभेद होतात आणि शेवटी हात वर करून मतदान घेतो.

संध्याकाळी वाचनालयात जमतो. पंक्सटॉनीत सकाळचे सव्वासात-साडेसात होतात तेव्हा इथे सहा वाजायला आलेले असतात, त्यामुळे तिथला सोहळा मोबाइलवर थेट बघता येतो. त्यांचा सूर्य उगवत असतो आणि आपला मावळायला निघालेला असतो. नेट अडकलं तर मुलं स्वतःच फिल होतात.

नंतर वाहनांचा खेळ. नऊ चिठ्ठ्या, नऊ प्राणी. चिठ्ठीत येईल तो प्राणी न बोलता करून दाखवायचा आणि बाकीच्यांनी प्राणी ओळखून पाऊसही सांगायचा. म्हैस झालेली मुलगी सतरंजीवर जी बसली ती ‘भरपूर पाऊस!’ असं सगळे ओरडेपर्यंत उठलीच नाही. मेंढा सर्वांत अवघड जातो.

वहीत प्रत्येकाचा अंदाज लिहून ठेवतो. जूनमध्ये पंचांग उघडून खरी वाहनं शेजारी लिहितो आणि पाऊस मोजतो. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा अंगणात उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टी बुडवून मिलिमीटर लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. पागोळीखाली ठेवू नये. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे वही लवकर भरते.

खायला काय?

रायगडकडच्या वाचकांना हेवा वाटावा असं आमच्याकडे काही नाही, कारण त्यांच्याकडे हे दिवस पोपटीचे. वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भरून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. २ फेब्रुवारीला याहून चांगला बेत नाही. आम्ही उकडलेल्या रताळ्यांवर आणि खोबऱ्यावर भागवतो.

“त्या घुशीक पावसातला काय कळता?”

हा प्रश्न एका आजींचा, आणि तो दर वर्षी येतो. आजी, त्याला पावसातलं काही कळत नाही, आणि ती घूस नाही. पण तुम्हाला कळतं. मुलांना कुर्ल्या कुठल्या वहाळाला आधी निघतात, मिरगाचा किडा कुठल्या मातीत दिसतो, तरण्या पावसात काय लावायचं आणि म्हाताऱ्यात काय, हे सांगायला तुम्ही यंदा वाचनालयात याच. खुर्ची ठेवलेली आहे.

आम्हाला यायचं असेल तर?

सकाळी साडेसहाला देवळापाशी जमतो. पायात चप्पल चालते, बूट नकोत, वाळू भरते. आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ बघून घ्या. भरती असेल तर आपण सुरूंच्या बाजूला, वरच्या वाळूत थांबतो. वही आणि पेन्सिल आणा, पेन वाळूनं अडतं. कुत्रा घरी ठेवा, खेकडे बाहेर येत नाहीत. लहान मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा की पालथं पडून गप्प राहायचं आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाला कुणीही, कधीही आलं तरी चालतं. हत्तीची चिठ्ठी मागून मिळत नाही.